दुर्बिणीचं ऑपरेशन, तरी छाती एवढी का दुखते? भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच विचारा

‘दोन-तीन छिद्रं फक्त, चार दिवसांत घरी.’ चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्या माझ्या मामांनी ऑपरेशनआधी सगळ्या नातेवाइकांना हेच सांगितलं होतं. छातीत पू झाला होता, दुर्बिणीतून तो काढायचा होता. छिद्रं खरंच लहान होती. पण दुसऱ्या दिवशी मामा खोकायलाही तयार नव्हते. नर्सने श्वास ओढायचं तीन चेंडूंचं यंत्र हातात दिलं, तर पहिला चेंडूही हलेना.

छिद्र लहान, मग दुखणं मोठं का?

प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एक नस जाते. दुर्बीण आणि अवजारं दोन बरगड्यांच्या फटीतून आत जातात, तेव्हा ती नस दाबली जाते. नंतर अशाच फटीतून नळी ठेवतात, ती श्वासागणिक आतल्या आवरणाला टोचते. दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, कफ साचतो, न्यूमोनियाचा धोका वाढतो. ‘थोडं सहन करा’ हा सल्ला इथे महागात पडू शकतो.

नर्व्ह ब्लॉक म्हणजे काय?

कारखान्यात एका मशीनवर काम करायचं तर आपण त्याच मशीनची एमसीबी खाली करतो, सगळ्या शॉपची मेन बंद करत नाही. मॉर्फिनसारखी औषधं मेनवर चालतात. दुखणं कमी होतं, पण गुंगी, मळमळ येते आणि डोस जास्त झाला तर श्वासच मंदावतो. ब्लॉकमध्ये पाठीच्या कण्याशेजारी, या नसा निघतात त्या भागात, बधिर करणारं औषध सोडतात. दाताचे डॉक्टर हिरडीत टोचतात, त्याच जातीचं. एका इंजेक्शनचा परिणाम काही तास टिकतो. बारीक नळी ठेवली तर दोन-तीन दिवस औषध देता येतं.

यात नवलाईचं फार काही नाही. कण्याशेजारचा ‘पॅराव्हर्टेब्रल’ ब्लॉक १९०५ पासून माहीत आहे. पाठीच्या स्नायूंखाली द्यायचा, तुलनेने सोपा ‘इरेक्टर स्पायनी’ ब्लॉक २०१६ मध्ये पुढे आला. दुर्बिणीच्या छातीच्या ऑपरेशनसाठी पॅरासिटामॉल आणि सूज कमी करणाऱ्या गोळ्यांसोबत यापैकी एक ब्लॉक द्यावा, अशी ‘प्रॉस्पेक्ट’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाची शिफारस आहे.

मग तो सगळ्यांना का मिळत नाही? सुई नेमकी जायला सोनोग्राफी मशीन लागतं. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे ऑपरेशन थिएटरमधल्या मशीनचीही नोंदणी करावी लागते. कायदा हवाच, पण त्यामुळे कागदपत्रं वाढतात हेही खरं. तरीही मला ही सबब पुरेशी वाटत नाही. सर्जनची दुर्बीण आधीच छातीत असते. तिच्या कॅमेऱ्यात बघत आतूनही हा ब्लॉक देता येतो.

पिंपरी-भोसरी-चाकण पट्ट्यात हा प्रश्न पगाराचाही आहे. ईएसआयसीचा साधा आजारपणाचा लाभ मजुरीच्या ७० टक्के आणि वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. काही रुग्णांची छाती तीन महिन्यांनंतरही दुखत राहते. ब्लॉकमुळे ते हमखास टळतं, असं सिद्ध झालेलं नाही. पण पहिले दोन-तीन दिवस नीट खोकता आलं, चालता आलं, तर माणूस लवकर सावरतो. कंत्राटी कामगाराला तेही कमी नाही.

तुमच्या घरात कुणाचं असं ऑपरेशन ठरलं असेल, तर भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी तपासायला येतात तेव्हाच विचारा: ‘ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून ब्लॉक देणार का? नसेल, तर दुसरं काय देणार?’ रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा बधिर करण्याच्या औषधाची पूर्वी रिअ‍ॅक्शन आली असेल, तर तेही तेव्हाच सांगा. आम्ही यातलं काहीच विचारलं नव्हतं. मामांच्या फाइलवर सही करताना माझं सगळं लक्ष बिलाच्या अंदाजाकडे होतं.