शेवट मुलांना लिहू द्या

सहामाही परीक्षा झाली की शाळकरी मुलांच्या वहीत एक निबंध हमखास असतो : 'माझा आवडता सण'. आर्वीची वही उघडा की समुद्रपूरची, तेच सुगंधी उटणं आणि तीच पणत्यांची आरास. वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या लेकरानं पाहिलेली दिवाळी मात्र निराळी असते. ओसरीत सोयाबीनची पोती रचलेली असतात, भाव काय निघाला यावर घरातल्या किराण्याची यादी लांबते किंवा आखडते. माय सीतादही करून कापसाच्या पहिल्या वेचणीला लागलेली असते. गायगोधनाच्या दिवशी गावातली गुरं सजून निघतात. यातलं फारच थोडं निबंधात उतरतं, कारण हे लिहिण्याजोगं आहे असं मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं.

नागराज मंजुळे यांच्या 'पावसाचा निबंध' या लघुपटाच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. शाळेत मुलाला पावसावर निबंध लिहायला सांगतात आणि घरी तोच पाऊस छतातून गळत असतो. या लघुपटाला 2017 सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत, नॉन-फीचर गटात, उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. मराठी शिकवणाऱ्या प्रत्येकानं तो एकदा पाहावा असं मला मनापासून वाटतं. यंदा आमच्या अंकाचा बालविभाग लघुपट आणि मुलांचं लेखन या विषयाला दिला, त्याची सुरुवात याच लघुपटापासून झाली.

अनेक लघुपट दहा-पंधरा मिनिटांत संपतात, एका तासिकेत ते पाहून लिहायलाही वेळ उरतो. पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे चांगला लघुपट बरंच काही बोलायचं ठेवतो. सत्यजित राय यांचा 1964 मधला 'टू' घ्या. बंगल्यात एक एकटा मुलगा, भोवती फुगे आणि महागडी खेळणी. खिडकीखाली झोपडीतला दुसरा मुलगा, त्याच्या हाती बासरी. दोघांत खेळण्यांची चढाओढ लागते. अख्ख्या चित्रपटात एकही संवाद नाही. झोपडीतल्या मुलाचा पतंग आभाळात चढला की तिथं चित्र थांबवावं आणि मुलांच्या हाती कागद द्यावेत. कुणी दोघांची दोस्ती लावेल, कुणी पतंग कापेल, कुणी बंगल्यातल्या पोराला खाली गल्लीत आणेल. राय यांचा शेवट नंतर दाखवावा, आणि तोच बरोबर असं चुकूनही म्हणू नये. फ्रान्सच्या आल्बेर लामोरिस यांचा 'रेड बलून' (1956) असाच, संवाद नावापुरते, तरी त्याला मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं.

दिवाळीच्या दिवसांत मोबाइलवर कंपन्यांच्या जाहिरातींचे सणाचे लघुपट फिरतात. त्यांत डोळे ओलावतात, शेवटी बोधही सांगून टाकलेला असतो. मुलानं लिहावं असं त्यांत काही शिल्लक राहत नाही. वर्गासाठी ते निवडू नयेत.

त्यापेक्षा आपलाच सण टिपावा. तान्हा पोळा तर मुलांचाच. आपल्या सेलू तालुक्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा दूरवर प्रसिद्ध आहे, माणसापेक्षा उंच लाकडी नंदी तिथं मिरवतात. पण कुठल्याही गावात सजवलेला लाकडी बैल ओढत घरोघर बोजारा मागणारी पोरं दिसतात. मास्तरांच्या मोबाइलवर पाच मिनिटांचं चित्रण करावं, वर निवेदन नको, गाणं नको. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते वर्गात लावावं. जो मुलगा त्या गर्दीत होता त्याला ती गर्दी आता बाहेरून दिसते. शेजारच्या पोराच्या बैलाला चाकं नव्हती, एका घराचं दार उघडलंच नाही, हे तेव्हा धावपळीत सुटलेलं त्याच्या नजरेत भरतं. लेखन तिथून सुरू होतं.

अनुभवातून असं शिकणं वर्ध्याला परकं नाही. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं शिक्षण परिषद भरली. शिक्षण मातृभाषेतून आणि हातच्या उत्पादक कामाभोवती व्हावं, असे ठराव तिनं केले आणि पुढचा आराखडा झाकीर हुसेन समितीकडे सोपवला. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा आजही त्याच शिक्षणाची, म्हणजे नई तालीमची, वाट चालते आहे. कापूस वेचणाऱ्या मुलाजवळ लिहिण्याजोगं ज्ञान असतं, हे या जिल्ह्यानं तेव्हाच मान्य केलं होतं. मग त्याची भाषाही मान्य करायला हवी. 'माह्या बैलाले' असं त्यानं लिहिलं तर पहिल्या खर्ड्यावर लाल शाई फिरवू नये. प्रमाणभाषा त्याला शिकवायचीच आहे, पण त्याची गोष्ट पूर्ण झाल्यावर.

गुरुजी, बाई, दुसरं सत्र सुरू होताच एक तास यासाठी काढा. लघुपट अर्ध्यावर थांबवा, मुलांनी काय लिहिलं ते आम्हाला पाठवा. सुवाच्य करून घेऊ नका, कुणाकडून उतरवून घेऊ नका. पुढच्या वर्षीच्या अंकात बालविभागाची सगळी पानं आम्ही या लेखनासाठी ठेवली आहेत, आणि ते मुलांनी जसं लिहिलं तसंच छापू.