सभेत लाभांश विचारता, सर्व्हरचं कोण विचारणार?

बँका-पतसंस्थांच्या वार्षिक सभांचे दिवस आलेत. लाभांश किती, भेटवस्तू काय, यावर माईकची ओढाओढी होईल. सायबर सुरक्षेवर अहवालात फार तर एक ओळ असते: 'संस्था अद्ययावत तंत्रज्ञानाने सज्ज आहे.' झालं, मंजूर!

मित्रांनो, कॉसमॉस बँक आठवते ना? ऑगस्ट २०१८. कार्डाच्या व्यवहारांना होकार देणारी बनावट यंत्रणा चोरांनी उभी केली. २८ देशांतल्या एटीएममधून नोटा निघाल्या, आपल्या कोल्हापुरातूनसुद्धा. वर स्विफ्टने हाँगकाँगला रक्कम गेली. एकूण सुमारे ९४ कोटी. पुण्याच्या शंभर वर्षं जुन्या बँकेचं हे झालं, तर तालुक्याच्या पतसंस्थेचं काय?

संचालकांना विचारा, उत्तर ठरलेलं: "ते आमचा कॉम्प्युटरवाला मुलगा बघतो." अहो, तिजोरी दोन चाव्यांशिवाय उघडत नाही. मग सर्व्हरचा पासवर्ड एकट्या कंत्राटी मुलाकडे कसा?

व्यवस्थापन आणि लेखाशास्त्राचे अभ्यासकसुद्धा आता सायबर सुरक्षा हा फक्त संगणक विभागाचा विषय मानत नाहीत. संचालक मंडळ, अंतर्गत नियंत्रण, लेखापरीक्षण या अंगाने तो तपासतात. रिझर्व्ह बँकेनेही ऑक्टोबर २०१८ मध्येच नागरी सहकारी बँकांना सांगितलं, की सायबर सुरक्षेचं धोरण संचालक मंडळाने मंजूर केलेलं हवं. म्हणजे जबाबदारी खुर्चीवर बसणाऱ्यांची आहे, त्या पोराची नाही.

अमेरिकेत २०२३ च्या नियमानुसार शेअर बाजारातल्या कंपन्यांना सायबर हल्ला गंभीर आहे असं ठरल्यापासून चार कामकाजी दिवसांत तो जाहीर करावा लागतो. आपल्याकडे सर्ट-इनला सहा तासांत कळवायचा नियम आहे. पण सभासदाला? त्याला बहुतेक वेळा पेपरात वाचूनच कळतं. आणि पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षणही नाही, हे ध्यानात ठेवा.

म्हणून यंदा तीन प्रश्न विचारा. सायबर सुरक्षेचं ऑडिट शेवटचं कधी झालं, आणि त्यातल्या त्रुटी दूर केल्या का? यासाठी वर्षात किती खर्च केला, आणि सभेच्या जेवणावर किती? हल्ला झाला तर आम्हाला कोण, किती दिवसांत सांगणार?

प्रश्न सभेआधी लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलंत तर 'वेळेअभावी' म्हणून खाली बसवतील.