विश्लेषण : ‘मूव्हिंग अ‍ॅव्हरेज’चा सिग्नल चार ओळींच्या कोडने मिळतो, मग नफा का मिळत नाही?

२० दिवसांची सरासरी ५० दिवसांच्या सरासरीला छेदून वर गेली की खरेदी, खाली आली की विक्री. चार्टिंग सॉफ्टवेअरमध्ये हा नियम लिहायला चार-पाच ओळी पुरतात. खामगाव, मलकापूर किंवा चिखलीतला तरुणही आज मोबाइलवर असे सिग्नल पाहतो आणि तयार ‘स्ट्रॅटेजी’ विकणारेही समाजमाध्यमांवर भरपूर आहेत. मात्र, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या १०० वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जण तोट्यात गेले, असे ‘सेबी’चा अभ्यास सांगतो. हा सिग्नल तयार कसा होतो, फसतो कुठे आणि नवे नियम काय आहेत?

मूव्हिंग अ‍ॅव्हरेज म्हणजे काय?

ठरावीक दिवसांच्या बंद भावांची सरासरी म्हणजे मूव्हिंग अ‍ॅव्हरेज. नवा दिवस आत येतो, सर्वात जुना बाहेर पडतो, म्हणून ती ‘सरकती’. समजा, एका शेअरचे पाच दिवसांचे भाव १००, १०२, १०४, १०६ आणि १०८ रुपये आहेत. सरासरी आली १०४. सहाव्या दिवशी भाव कोसळून ९८ झाला, तर नवी सरासरी १०३.६० होते. भाव १० रुपयांनी पडला, सरासरी मात्र ४० पैशांनी. म्हणजे सरासरी नेहमी भावाच्या मागून चालते. जिल्ह्यातील भेंडवळची घटमांडणी पुढच्या हंगामाबद्दल सांगते. मूव्हिंग अ‍ॅव्हरेज फक्त मागे काय झाले तेवढेच सांगते. तिला भाकीत समजणे ही पहिली गफलत.

सिग्नल कोडमध्ये कसा लिहितात?

‘ट्रेडिंगव्ह्यू’मध्ये पाइन स्क्रिप्ट, तर ‘अ‍ॅमीब्रोकर’मध्ये एएफएल ही भाषा वापरतात. दोन्हींत तर्क एकच. आधी छोट्या आणि मोठ्या कालावधीच्या दोन सरासऱ्या काढायच्या. मग ‘क्रॉस’ तपासायचा : मागच्या कँडलला छोटी सरासरी मोठीच्या खाली होती आणि आताच्या कँडलला वर आहे का? दोन्ही अटी तपासाव्याच लागतात. नुसते ‘छोटी मोठीपेक्षा वर’ असे लिहिले, तर तेजी टिकेल तितके दिवस रोज खरेदीचा सिग्नल येत राहील. शेवटी चार्टवर बाण दाखवायचा किंवा मोबाइलवर अलर्ट पाठवायचा. कोडचे काम इथे संपते आणि खऱ्या अडचणी सुरू होतात.

बॅकटेस्टमधला नफा प्रत्यक्षात का दिसत नाही?

जुन्या आकड्यांवर नियम चालवून पाहणे म्हणजे बॅकटेस्ट. त्यात तीन चुका वारंवार होतात.

पहिली, भविष्यात डोकावणे. अ‍ॅमीब्रोकरच्या ‘रेफ’ फंक्शनमध्ये उणे एक लिहिले तर मागच्या दिवसाचा भाव मिळतो, अधिक एक लिहिले तर पुढच्या दिवसाचा. एका चिन्हाच्या चुकीने कोड उद्याचा भाव पाहून आज खरेदी करतो आणि कागदावर डोळे दिपवणारा नफा दिसतो. बंद भावावर आधारलेला सिग्नल त्याच बंद भावाला खरेदी झाली असे धरणे, ही त्याचीच सौम्य आवृत्ती. बाजार बंद झाल्यावर समजलेल्या सिग्नलवर खरेदी होणार ती दुसऱ्या दिवशीच्या भावाला.

दुसरी, अपुरी कँडल. १५ मिनिटांच्या चार्टवर ११ वाजून २० मिनिटांनी आलेला सिग्नल साडेअकराला कँडल पूर्ण होताना नाहीसा होऊ शकतो. जुन्या चार्टवर फक्त पूर्ण झालेल्या कँडल उरतात, त्यामुळे असे फसवे सिग्नल तिथे दिसतच नाहीत. विक्रेत्याने दाखवलेला स्वच्छ चार्ट म्हणूनच पुरावा ठरत नाही.

तिसरी, आकडे जुळवणे. छोटी सरासरी ५ ते ५० आणि मोठी ५१ ते २०० दिवसांची धरली, तर ६,९०० जोड्या तयार होतात. त्यातली एखादी जोडी निव्वळ योगायोगानेही उत्तम दिसेल. ती पुढेही चालेल, याला काही आधार नसतो.

हा नियम कोणत्या बाजारात चालतो?

बाजार दीर्घकाळ एका दिशेने चालला की हा नियम काम देतो. आडव्या किंवा झटके देणाऱ्या बाजारात मात्र वर घेतलेले खाली विकावे लागते. जून २०२४ मधील लोकसभा निकालाचा आठवडा आठवा. ३ जूनला निफ्टी सव्वातीन टक्के वाढला, ४ जूनला सुमारे सहा टक्के कोसळला आणि ५ जूनला पुन्हा तीन टक्क्यांहून अधिक वर गेला. अशा वेळी मोठ्या कालावधीच्या सरासरीला काही कळायच्या आत सारे घडून जाते, तर छोटी सरासरी दोन्ही बाजूंनी मार खाते.

त्यात खर्चाची भर पडते. समजा, खरेदी-विक्रीच्या एका फेरीला दलाली आणि कर मिळून १०० रुपये लागतात. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर २० दिवसांत ८० फेऱ्या आणि ८ हजार रुपये खर्च. एक लाखाच्या भांडवलावर दर महिन्याला आधी आठ टक्के कमवायचे, मग नफ्याची गोष्ट.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यांचा संबंध काय?

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या याच अभ्यासानुसार, २०२३-२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्समधील ७२ टक्क्यांहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदार देशातील पहिल्या ३० शहरांबाहेरचे होते. बुलढाणा जिल्ह्यातली सारी गावे-शहरे याच गटात येतात. तिशीच्या आतील गुंतवणूकदारांचा वाटा एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेला, तर ७५ टक्क्यांहून अधिक जणांनी वार्षिक उत्पन्न पाच लाखांपेक्षा कमी सांगितले होते. त्याच वर्षी परदेशी संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी, तर स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या कंपन्यांनी ३३ हजार कोटी रुपये कमावले. त्यांचा बहुतांश नफा अल्गो व्यवहारांतून आला. मोबाइलवरचा चार ओळींचा कोड या यंत्रणांसमोर उभा असतो. २०२४-२५ मध्ये वैयक्तिक गुंतवणूकदारांचा निव्वळ तोटा १ लाख ५ हजार कोटींवर गेला.

सोयाबीनच्या भावाला हे लागू पडेल?

जिल्ह्याच्या या मुख्य पिकाचे वायदे सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले आणि पुढे ही मुदत वारंवार वाढवली. त्यामुळे त्यानंतरच्या हंगामांत शेतकऱ्याला पाहायला वायद्याचा चार्टच नव्हता. बाजार समितीच्या रोजच्या भावांची सरासरी काढून कल पाहता येतो. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आवक वाढून भाव पडतात, हे त्या सरासरीला आधी कळत नाही.

नवे नियम काय सांगतात?

सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ रोजी किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो व्यवहारांसाठी चौकट जाहीर केली. मुदतवाढीनंतर सर्व ब्रोकरसाठी ती पूर्णपणे लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली. नुसता अलर्ट पाहून हाताने ऑर्डर टाकणाऱ्याला ती लागू नाही. कोडने ब्रोकरकडे थेट ऑर्डर पाठवणाऱ्याला लागू आहे. त्याला आधी कळवलेला स्थिर आयपी पत्ता लागतो. सेकंदाला १० ऑर्डरची मर्यादा ओलांडली, तर शेअर बाजाराकडे अल्गोची नोंदणी करावी लागते. स्वतः लिहिलेला अल्गो स्वतःसह जोडीदार, अवलंबून असलेली मुले आणि आई-वडील यांच्यापुरताच वापरता येतो. गल्लीतल्या मित्रांची खाती चालवता येत नाहीत. आतला तर्क न दाखवता अल्गो विकणाऱ्याला संशोधन विश्लेषक म्हणून सेबीकडे नोंदणी बंधनकारक आहे.

मग सिग्नल निरुपयोगी आहे का?

नाही. घाबरून किंवा हव्यासाने निर्णय घेण्यापेक्षा लिहून ठेवलेला नियम बरा. तोटा कुठे थांबवायचा हेही तो ठरवून देतो. मात्र, पैसे लावण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : बॅकटेस्टमध्ये खर्च धरला आहे का, खरेदी पुढच्या कँडलच्या भावाला दाखवली आहे का आणि नियम ज्या वर्षांवर बेतला ती सोडून इतर वर्षांतही चालला का. स्ट्रॅटेजी विकणारा या तिन्हींची उत्तरे देत नसेल, तर त्याचा सेबी नोंदणी क्रमांक विचारावा. तो सेबीच्या संकेतस्थळावर विनाशुल्क तपासता येतो.