विषय सोडण्याची किंमत

अमेरिकेत १९६५ साली उच्च शिक्षणाचा कायदा झाला, तो गरिबाच्या मुलालाही महाविद्यालयाचे दार उघडावे म्हणून. आज त्या दाराशी हिशेबनीस बसला आहे. सत्राच्या मध्यात एखादा विषय सोडला, तर सधन विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर एक अक्षर उमटते, एवढेच. सरकारी मदतीवर शिकणाऱ्याचा तोच विषय मात्र ‘घेतला, पण पुरा केला नाही’ या खात्यात पडतो. घेतलेल्यांपैकी सुमारे ६७ टक्के श्रेयांक पुरे झाले नाहीत, तर पुढील मदत थांबू शकते. सत्राचे ६० टक्के दिवस भरण्यापूर्वी सर्वच विषय सोडावे लागले, तर ‘न कमावलेली’ मदत परत जाते आणि महाविद्यालय ती त्याच्याकडून वसूल करू शकते.

सार्वजनिक पैशाचा हिशेब हवाच, हे कोण नाकारील? आजारपण वा आप्ताचा मृत्यू असल्यास अपिलाची सोयही आहे. पण रात्रपाळी करून सकाळी वर्गात बसणाऱ्याने आपला थकवा कोणत्या दाखल्याने सिद्ध करावा? चुकण्याची मुभा श्रीमंताला आणि चुकीचा दंड गरिबाला, याला समान संधी कसे म्हणावे? निदान पहिला सोडलेला विषय तरी शासनाने या हिशेबातून वगळावा.