कालवा कोणाच्या मालकीचा?

टेंभुर्णीस आलेला पाहुणा चोहोंकडचा हिरवा ऊंस आणि कारखान्यांचीं धुराडीं पाहून धन्योद्गार काढतो, आणि उजनीच्या कालव्यांत दोष पाहणाऱ्यास कृतघ्न ठरवितो. हा आरोप आम्ही पत्करतों; मात्र त्यापूर्वीं कालव्यांचा इतिहास वाचकांनीं पाहावा, एवढीच विनंति.

सोलापुराजवळील एकरूखचा तलाव १८७१ सालीं पुरा झाला. अवर्षणापासून शेतकऱ्याचें रक्षण करावें, हा अशा कामांचा हेतु. परंतु ज्वारी पिकविणारा शेतकरी बऱ्या सालीं पाणी घेईना, आणि सरकारचें उत्पन्न बुडूं लागलें. म्हणून पुढें नीरेच्या कालव्यावर बारमाही पाणी पिणाऱ्या उंसाला मान मिळाला. तथापि विश्वेश्वरय्या यांच्या 'ब्लॉक' पद्धतीनें त्यालाही मर्यादा घातली होती: ठराविक तुकड्याच्या एका भागांत ऊंस, बाकींत हंगामी पिकें. आपण ऊंस ठेवला, मर्यादा सोडली!

१९६६ सालीं उजनीची कोनशिला बसली, १९८० सालीं धरण पुरें झालें. सुमारें ११७ अब्ज घनफूट पाण्याच्या या सांठ्याखालीं भीमाकांठचीं कित्येक गांवें गेलीं. पाणी ओसरलें कीं पळसदेवचें जुनें मंदिर अद्यापि वर डोकावतें. ज्यांनीं घरेंदारें दिलीं, त्यांनीं तीं मूठभर मळ्यांसाठीं दिलीं काय?

कालव्याच्या मुखाशीं ज्याचें शेत, त्याला पाळीची चिंता नाहीं. शेवटच्या चारीवरचा शेतकरी मात्र आवर्तनाची वाट पाहतां पाहतां आभाळाकडे डोळे लावतो. 'ज्याला परवडतो त्यानें ऊंस कां लावूं नये?' असें आम्हांस विचारतात. सार्वजनिक पैशानें बांधलेल्या कालव्यावर 'परवडणें' हें एकट्या शेताच्या हिशेबानें कसें ठरेल? कारखान्यांवर हजारोंचें पोट चालतें, हें आम्हांस मान्य आहे. पण शेपटाकडच्या कोरडवाहू घरांनाही पोट आहे, हें कारखान्यांच्या कैवाऱ्यांनीं मान्य करावें.

आमचें मागणें साधें आहे. पाणी घनमापानें मोजून द्यावें, उंसास ठिबक सक्तीचें करावें, आणि पाळी शेवटच्या चारीपासून सुरू व्हावी. कालव्याची थोरवी त्याच्या मुखाशीं बसविलेल्या कोनशिलेवरून ठरत नाहीं. त्याच्या शेवटच्या शेतांत किती ओल पोंचली, यावरून ठरते. ही ओल मागणें कृतघ्नपणा असेल, तर आम्ही कृतघ्न आहों.