संगणकाचा अन्नदाता

अलीकडे आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरी संगणक आला आहे, ही आनंदाची गोष्ट होय. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांतील कष्टकरी कुटुंबांत तो आईवडिलांच्या बचतीतून येतो. म्हणूनच त्याच्या खरेदीत होणाऱ्या एका हेळसांडीकडे सर्वांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते. पडदा केवढा, प्रोसेसर कोणता, याची चौकशी सारेच करतात. परंतु या सर्वांस वीज पुरविणाऱ्या पेटीविषयी, बाजारात जिला ‘एसएमपीएस’ म्हणतात तिच्याविषयी, कोणी अवाक्षरही काढीत नाही. पुष्कळदा ती कॅबिनेटबरोबरच मिळते, आणि आयत्या मिळालेल्या वस्तूची परीक्षा करण्याची आपणांस सवय नाही.

वस्तुतः संगणकाचा अन्नदाता तीच. भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची व दिशा पालटणारी असते. संगणकाच्या नाजूक भागांना १२, ५ व ३.३ व्होल्टचा एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागतो. हे रूपांतर ही पेटी करते. या दाबात साधारणपणे पाच टक्क्यांहून अधिक फरक पडू नये, असा दंडक आहे. म्हणजे १२ व्होल्टची धारा ११.४ आणि १२.६ यांच्या दरम्यान राहिली पाहिजे. हलकी पेटी भार वाढताच हे पथ्य मोडते. मग संगणक मधूनच बंद पडतो, आणि दोष मात्र वीज कंपनीला दिला जातो. ती पेटी जळाली तर कधीकधी मदरबोर्ड व डिस्क यांनाही सोबत घेऊन जाते. पेटी दुसरी आणता येईल; पण मुलाने वर्षभर केलेले काम कोठून आणणार?

सुरतेत हे घडावे, याचे आम्हांस विशेष नवल वाटते. महिधरपुऱ्यात भिंगाखाली धरल्यावाचून कोणी हिरा घेत नाही. रिंग रोडच्या कापडबाजारात मुरलेला व्यापारी चिठ्ठीवर न विसंबता कापडाचा पोत हाताने पाहतो. मग पेटीवर ठळक छापलेल्या ‘४५० वॅट’ या आकड्यावर आपण डोळे मिटून विश्वास का ठेवावा? तिची खरी कुंडली बाजूच्या बारीक अक्षरांच्या तक्त्यात असते. समजा, तेथे १२ व्होल्टच्या धारेपुढे १६ अँपिअर लिहिले आहे. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. आजचा संगणक बहुतेक वीज याच धारेतून घेतो. तेव्हा ही पेटी नावाची ४५० ची आणि कामाची दोनशेचीही नव्हे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! हा गुणाकार पाचवीतल्या मुलालाही येतो.

यावर कोणी म्हणेल, मग मोठ्यात मोठी पेटी घ्यावी. आमचे मत तसे नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, अभ्यासापुरत्या संगणकाला बहुधा शंभर-दीडशे वॅटही पुरतात. प्रश्न मोठेपणाचा नसून खरेपणाचा आहे. चांगल्या पेट्यांवर ‘८० प्लस’ ही खूण दिसते. शंभर वॅट देण्यासाठी ८० टक्के कार्यक्षमतेची पेटी १२५ वॅट घेते, तर ६५ टक्क्यांची सुमारे १५४. वरची सारी वीज उष्णता होऊन जाते. सुरतेच्या उन्हाळ्यात ही उष्णता कोणालाच परवडणारी नाही. तथापि ही खूण काटकसरीची आहे, सुरक्षिततेची नव्हे. म्हणून शॉर्टसर्किट व अतिदाब यांपासून संरक्षण, भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, किती वर्षांची लेखी हमी आणि पक्के बिल, हे सारे निराळे पाहावे.

घरी आणल्यावरही काही पथ्ये पाळावीत. तिसरी पिन कापू नये; अर्थिंग तपासून घ्यावे. यंत्रमागांच्या वस्तीत उडणारे तंतू पेटीच्या पंख्यात अडकतात. संगणक बंद करून, वायर काढून, बाहेरूनच जाळी साफ करावी. पेटी मात्र विद्यार्थ्यांनी कदापि उघडू नये. वायर काढल्यानंतरही तिच्या कपॅसिटरमध्ये काही काळ तीनशे व्होल्टांच्या घरातील वीज साठून राहू शकते.

चांगल्या पेटीला चार पैसे अधिक पडतात, हे आम्ही जाणतो. ज्यांना एकेक रुपया मोजून खर्चावा लागतो, त्यांना आम्ही एवढेच सांगू की, ते पैसे दुसरीकडून काढावेत. पडदा थोडा लहान चालेल. काचेचे, रंगीत दिव्यांचे कॅबिनेट नसले तरी अभ्यास अडत नाही. आमच्या कोकण किनाऱ्यावर होडी घेणारा जाणता माणूस रंगावर भुलत नाही. आधी तळ पाहतो, कारण भर समुद्रात तारणारा तोच. विद्यार्थिमित्रहो, यंदाच्या सुट्टीत वडिलांबरोबर संगणक घेण्यास जाल, तेव्हा दुकानदाराला प्रथम ती पेटी दाखविण्यास सांगा, तिच्यावरील तक्ता वाचा, गुणाकार करा, आणि मगच पडद्याकडे पाहा.