बारा टक्के कोणाचे? नफ्याचे की आपल्याच मुद्दलाचे?

सध्या आपल्या व्यापारी बांधवांत एका नव्या गुंतवणुकीची चर्चा आहे. बँकेत सहा-सात टक्के मिळतात, इथे दहा-बारा टक्के, तेही दर तीन महिन्यांनी खात्यात, असे एजंट सांगत फिरतात. या योजनेचे नाव इन्फ्रास्ट्रक्चर इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट, बाजारातले नाव इन्व्हिट. दुकान मुलाच्या हाती देऊन घरी बसलेले बुजुर्ग, यंत्रमाग विकून पैसा मोकळा झालेले इचलकरंजीचे कारखानदार, यांच्यापर्यंत ही गोष्ट पोचली आहे. म्हणून तिचा हिशेब व्यापाऱ्याच्या नजरेने मांडणे जरूर आहे.

इन्व्हिट म्हणजे तयार रस्ते, वीजवाहक तारा यांसारखी कमावती मालमत्ता ट्रस्टच्या नावे करायची आणि तिचे लहान लहान हिस्से, म्हणजे युनिट, लोकांना विकायचे. सेबीने यासाठी 2014 साली नियम केले. वाटपायोग्य रोकडीपैकी किमान 90 टक्के रक्कम युनिटधारकांना वाटणे ट्रस्टवर बंधनकारक आहे. पूर्वी यात लाखो रुपये असणाराच शिरू शकत होता. 2021 नंतर नव्या विक्रीत दहा-पंधरा हजारांतही अर्ज करता येतो आणि शेअर बाजारात एक युनिटसुद्धा घेता येते. दार लहान माणसाला उघडले, म्हणूनच सावधगिरीची गरज वाढली.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी की ही मुदत ठेव नव्हे. रस्त्याचा टोल ठराविक वर्षांचा असतो. मुदत संपली की रस्ता सरकारचा. भाडेपट्ट्याने घेतलेल्या गाळ्यासारखी ही गोष्ट आहे, पट्टा संपला की किल्ली परत. समजा, 1 लाख रुपये घातले, वर्षाला 12 हजार मिळाले आणि दहा वर्षांनी पट्टा संपला. हाती आले 1 लाख 20 हजार, मुद्दल शून्य. म्हणजे दहा वर्षांची खरी कमाई फक्त 20 हजार, वर्षाला सरासरी दोन हजार! एजंट बारा टक्के सांगतो. त्यात आपलेच मुद्दल किती परत येत आहे, हे तो सांगत नाही.

आता प्रत्यक्ष उदाहरण पाहू. देशातला पहिला इन्व्हिट आयआरबीचा. मे 2017 मध्ये तो 102 रुपये भावाने लोकांना विकला गेला. त्यात सुरत-दहिसर, तळेगाव-अमरावती असे सहा टोलरस्ते होते. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या धक्क्यात त्याचा भाव तीस रुपयांच्या खाली गेला. पुढे तो सावरला, वाटपही चालू राहिले. पण पहिल्या दिवशी घेणाऱ्याला आपला भाव पुन्हा पाहायला मिळालेला नाही. भरूच-सुरत आणि सुरत-दहिसर या रस्त्यांची मुदत 2022 मध्ये संपली आणि ते ट्रस्टच्या हातून गेले.

टोलचा दुसरा धोका कोल्हापूरकरांना शिकवण्याची गरज नाही. याच समूहाने आपल्या शहरात सुमारे 50 किलोमीटरचे रस्ते केले, करार 30 वर्षांचा. 2013 साली टोलवसुली सुरू झाली. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसे रस्त्यावर उतरली, जानेवारी 2014 मध्ये नाके जळाले आणि अखेर 2015 च्या डिसेंबरात टोल बंद झाल्याचे सरकारने जाहीर केले. आपला प्रकल्प त्या ट्रस्टमध्ये नव्हता. पण धोका तोच. पुढे ट्रस्टमध्ये आलेल्या पठाणकोट-अमृतसर रस्त्यावरची वसुली ऑक्टोबर 2020 पासून शेतकरी आंदोलनात वर्षभराहून अधिक काळ थांबली. नोटबंदीत 2016 साली आणि लॉकडाऊनमध्ये 2020 साली सरकारनेच देशभरच्या राष्ट्रीय महामार्गांवरचा टोल काही आठवडे थांबवला होता. करारात मुदतवाढ मिळण्याची तरतूद असते; पण घरखर्च चालवणाऱ्याला या महिन्याचा पैसा या महिन्यातच लागतो.

वीजवाहक तारांचे गणित काहीसे निराळे. तिथे किती वीज वाहिली यावर नव्हे, तर लाइन चालू स्थितीत ठेवली यावर पैसे मिळतात. करार 35 वर्षांचे. सरकारी पॉवरग्रीडचा इन्व्हिट 2021 मध्ये 100 रुपयांना आला. त्यात आपल्या महाराष्ट्रातल्या परळी आणि वरोरा इथल्या लाइनही आहेत. 2022-23 पासून तीन वर्षे त्याने दरसाल 12 रुपये वाटले. तरीही 2024 अखेर भाव नव्वदच्या खाली होता. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 वरून साडेसहा टक्क्यांवर नेला, हे त्याचे एक कारण. ठेवीवर जास्त मिळू लागले की जुन्या युनिटला गिऱ्हाईक कमी भाव देते. वाटप वेळेवर आले, पण भाव टिकला नाही.

आपल्या वाचकांचा आणखी एक सवाल आहे, व्याजाचा. वाटपाच्या प्रत्येक चिठ्ठीत व्याज किती, लाभांश किती, मुद्दल परतावा किती, हे वेगळे लिहिलेले असते. ट्रस्ट आपल्याच प्रकल्प कंपनीला कर्ज देतो आणि त्याचे व्याज वाटतो. बहुतेक ठिकाणी हाच हिस्सा मोठा असतो. काहीजण म्हणतील, हा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा. पण ट्रस्टने बँकांकडूनही कर्ज घेतलेले असते. फैसला करणे व्यापाऱ्याचे काम नाही. ती चिठ्ठी घेऊन जाणत्या आलिमांना विचारावे. मात्र "हलाल" या नुसत्या शब्दावर पैसा देऊ नये. बेंगळुरूच्या आयएमएने हाच शब्द वापरला आणि जून 2019 मध्ये हजारो मुस्लिम घरांची पुंजी बुडाली. तिथे हिशेबच खोटा होता. इन्व्हिटचा हिशेब निदान सेबीपुढे उघडा असतो.

माझे मत स्पष्ट आहे. माल भरण्याचा, कारागिरांच्या मजुरीचा, मुलीच्या लग्नाचा पैसा इथे घालू नये. धंद्यातून बाजूला काढलेल्या पैशातला लहान हिस्सा, फार तर चौथाई, इतकीच मर्यादा ठेवावी. टोलपेक्षा तारांचा ट्रस्ट बरा. घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : मालमत्तेची किती वर्षे उरली? कर्ज किती? वाटपात आपलेच मुद्दल किती? आणि उद्या विकायचे ठरले तर बाजारात रोज किती युनिटची उलाढाल होते? ज्या एजंटाला यांची उत्तरे देता येत नाहीत, त्याला चहा पाजावा आणि निरोप द्यावा.

कापडाचा तागा घेताना आपण सूत मोजतो, पन्हा पाहतो, रंग चोळून बघतो. पैशाचा तागा घेतानाही तेवढी मेहनत करावी.